घानात उरलेली एक प्रत

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. क्रेन धडधाकट होत्या, वीज होती, कंटेनर रचलेल्या जागी तसेच होते. पण कोणत्या पेटीत कुणाचा माल आहे, ती कोणत्या जहाजात चढवायची, कोणत्या ट्रकवर उतरवायची, हे सांगणारी यंत्रणा बंद पडली होती. टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम त्या दिवशी मर्स्कच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि बघता बघता जगभरातले तिचे हजारो सर्व्हर निकामी झाले. समूहाच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना झळ बसली. त्यातलं एक आपल्या उरणजवळचं.

मर्स्क यातून सावरली. कशी, ती हकीकत पुढे येईल. ती नीट समजायची तर सर्व्हर म्हणजे काय, साठवण कशी होते आणि या दोघांना जोडणारं नेटवर्क काय करतं, हे आधी पाहायला हवं. हे सगळं फक्त इंजिनिअरांना माहीत असलं की पुरे, असे दिवस आता राहिलेले नाहीत. गावच्या पतसंस्थेचे संचालक, शाळेचे मुख्याध्यापक, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी मुलगी, लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर, प्रत्येकाचं काम कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर अवलंबून आहे. सेतू केंद्रात, रेशन दुकानात, बँकेच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून रिकाम्या हाती परतणाऱ्या माणसालाही आत नेमकं काय बिघडलं असेल, हे कळायला हवं.

मागणारा आणि देणारा

सर्व्हर ही यंत्राची जात नाही. ते यंत्राला नेमून दिलेलं काम आहे. एक संगणक नेटवर्कवर सतत कान देऊन बसतो आणि दुसऱ्यानं काही मागितलं की ते देतो, तो सर्व्हर. मागणारा तो क्लायंट. छोट्या ऑफिसात ज्या मशीनवर टॅलीचा डेटा असतो आणि बाकीची चार मशीन तिथूनच तो उघडतात, ते मशीन सर्व्हरच आहे, भले त्याच्यासमोर बसून कुणी पत्रं टाइप करत असो. जगातला पहिला वेब सर्व्हरही असाच एका माणसाच्या टेबलावर होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नेक्स्ट कंपनीच्या एका काळ्या संगणकावर तो चालवला. त्या संगणकावर त्यांनी एक लेबल चिकटवलं आणि लाल शाईनं हातानं लिहिलं, की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. संध्याकाळी घरी जाताना कुणी सवयीनं बटण दाबलं असतं, तर त्या वेळचं सगळं वेब बंद झालं असतं. ते यंत्र आणि त्याच्यावरची ती ताकीद जपून ठेवलेली आहे, याचा मला आनंद वाटतो. या कामाचा गाभा त्या एका ओळीत आला आहे.

बंद पडायचं नाही, या एका अटीमुळे खास सर्व्हर म्हणून बनवलेली यंत्रं घरच्या संगणकापेक्षा वेगळी दिसतात. ती १९ इंच रुंदीच्या लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवतात. उंची ‘यू’ मध्ये मोजतात; एक यू म्हणजे पावणेदोन इंच. स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो, कारण त्यांच्यासमोर कुणी बसतच नाही. लांबून नेटवर्कवरून त्यांना हुकूम दिले जातात. वीज आत घेणारे पॉवर सप्लाय दोन असतात आणि ते दोन वेगळ्या लाइनींना जोडतात, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालू राहतं. मेमरी अशी, की साठवलेल्या आकड्यातला एखादा बिट आपोआप उलटला तर तो ओळखून दुरुस्त करते. डिस्क बिघडली तर मशीन चालू असतानाच ती पुढून ओढून काढायची आणि नवी सरकवायची. पंखे छोटे पण प्रचंड वेगानं फिरणारे. भरलेल्या रॅकसमोर दोन माणसांना साधं बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. आत शिरणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावी, ही या क्षेत्रातली रूढ शिफारस आहे. विदर्भातला मे महिना आठवला की एसीचं बिल मशीनच्या किमतीइतकंच महत्त्वाचं का, ते लक्षात येईल.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. ऑफिसातल्या आतल्या मशीनचे पत्ते बहुधा १९२.१६८ नं सुरू होतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही वेगळी सेवा असते. आणि एकाच यंत्रावर अनेक सेवा चालत असल्यानं प्रत्येक सेवेला पोर्ट नावाचा क्रमांक असतो. सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, विंडोजचे शेअर केलेले फोल्डर ४४५ वर. हा ४४५ लक्षात ठेवा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ आणि जूनमध्ये नॉटपेट्या, दोन्ही याच सेवेच्या जुन्या आवृत्तीतल्या भगदाडाचा फायदा घेत मशीनमागून मशीन धरत गेले.

एवढं समजलं की ‘डाऊन’ या शब्दाखाली किती वेगवेगळे बिघाड झाकले जातात, ते दिसायला लागतं. खिडकीपासून सर्व्हरपर्यंतची लाइन तुटलेली असेल. मग सर्व्हर ठणठणीत आहे, रस्ता बंद आहे. डीएनएस गंडला असेल. मग नावानं काही उघडत नाही, आकड्यानं उघडतं. सर्व्हर चालू असेल, पण शेवटच्या तारखेला एकदम लाखो माणसांनी मागणी केल्यानं रांग लागली असेल. डेटाबेस अडकला असेल. किंवा नुसती डिस्क भरली असेल. हे ऐकायला साधं वाटतं, पण मोठमोठ्या सेवा एवढ्याशा कारणानं बंद पडतात. यातला प्रत्येक बिघाड वेगळ्या माणसानं, वेगळ्या वेळात दुरुस्त करायचा असतो. ‘लिंक नाही का सर्व्हर हँग आहे?’ एवढा प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला खिडकीवरचा माणूसही जरा नीट उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे.

कंपन्या करारात ‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ असं लिहून देतात. गणित करून पाहा: वर्षाचे तास ८,७६०. त्यातला हजारावा भाग म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करार पाळला गेला. हे पावणेनऊ तास विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशीही येऊ शकतात.

फाइल मागायची की जागा मागायची

आता साठवण. १९५६ मध्ये आयबीएमनं रामाक हा संगणक आणला, त्याच्यासोबत जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. मोबाइलवर काढलेला एखादाच चांगला फोटो त्यात बसला असता. आज तळहातावर मावणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये २४ टेराबाइटहून जास्त बसतात. जाता जाता एक शंका फेडतो, कारण ती दुकानात हमखास निघते: ४ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दाखवते, तेव्हा कुणी फसवलेलं नसतं. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत.

डिस्क थेट मशीनला जोडली तर ती त्या मशीनची. ते मशीन बंद, की डिस्कही बंद. दहा जणांना तीच फाइल लागू लागली की पेनड्राइव्ह फिरायला लागतात, आणि ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-नक्की’ अशा फाइलींचं पीक येतं. खरी कोणती, हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही. ही अडचण १९८० च्या दशकातच आली होती आणि तिच्यावर दोन वेगळ्या वाटांनी उत्तरं निघाली. त्या वाटा समजायला तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा.

पहिल्या वाटेत तुम्ही खिडकीवर जाऊन फाइलीचं नाव सांगता. आतला रेकॉर्ड कीपर ती शोधून देतो. कोणती फाइल कोणत्या फडताळात, हे त्याला ठाऊक. तुम्हाला ते कळायची गरज नाही. कुणाला कोणती फाइल दाखवायची, एकाच फाइलीवर दोघे एकदम लिहायला लागले तर कुणाला थांबवायचं, हेही तोच बघतो. याला नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, बोलीत ‘नॅस’ म्हणतात. दुसऱ्या वाटेत तुम्हाला रेकॉर्ड रूममधली रिकामी फडताळं आणि त्यांची किल्ली मिळते. आत काय ठेवायचं, कसं लावायचं, कुठली यादी करायची, सगळं तुमचं तुम्ही. हे स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे ‘सॅन’. इथे नेटवर्कवरून फाइल जात नाही, डिस्कचे कोरे तुकडे जातात. त्यांना ब्लॉक म्हणतात. सर्व्हरला वाटतं की आपल्याच पोटात एक डिस्क आहे. प्रत्यक्षात ती शेजारच्या रॅकमध्ये असते. एकच किल्ली दोघांना दिली आणि दोघांनी आपापल्या पद्धतीनं फडताळं लावायला घेतली, तर अनर्थ होतो. म्हणून सॅनचा एक तुकडा बहुधा एकाच सर्व्हरला देतात, किंवा वाटून वापरायची खास सोय असलेलं सॉफ्टवेअर वर बसवतात.

नॅसच्या खिडकीवर बोलायच्या दोन भाषा आजही चालतात. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये एनएफएस आणली. १९८२ मध्ये ही कंपनी स्थापणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. दुसरी भाषा एसएमबी, आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ मध्ये रचलेली. पुढे मायक्रोसॉफ्टनं ती विंडोजमध्ये रुजवली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तारांमधून जाणारी माहितीची पाकिटं वाचून वाचून ही भाषा ओळखली आणि ‘सांबा’ हा मोफत प्रोग्रॅम लिहिला. तेव्हापासून लिनक्सवर चालणारं साधं जुनं मशीन विंडोजवाल्यांना फाइली देऊ शकतं. आज बाजारात मिळणाऱ्या दोन किंवा चार कप्प्यांच्या बहुतेक नॅस डब्यांत लिनक्स आणि सांबाच आहे. सॅनसाठी मोठ्या बँका फायबर चॅनेल नावाचं वेगळं, महागडं जाळं टाकतात. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या आयस्कझी या पद्धतीमुळे तेच काम साध्या नेटवर्क केबलवरही होऊ लागलं.

सुरुवात करणाऱ्यानं यातलं काय घ्यावं? माणसांना फाइली वाटून घ्यायच्या असतील तर नॅस. सर्व्हरना डिस्क पुरवायच्या असतील तर सॅन. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसाला सॅन लागत नाही, आणि कुणी ते गळ्यात मारत असेल तर दुसऱ्याचा सल्ला घ्यावा.

वेगाचं गणित

नॅस आणल्यावर ‘फार स्लो चालतंय’ ही पहिली तक्रार येते. यात दोन गोष्टींचा गोंधळ असतो. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. गिगाबिटच्या केबलवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. या हिशेबानं एक टेराबाइट हलवायला अडीच तास. केबली एकत्र जोडणारा स्विच जुना १०० मेगाबिटचा असेल तर तेच काम २५ तासांवर जातं. एक साधी हार्ड डिस्कही सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट देते, म्हणजे अडसर डिस्कचा नसतो, तारेचा असतो. महागडा डबा घेऊन तो दहा वर्षांपूर्वीच्या स्विचला जोडलेला असतो, आणि दोष डब्याच्या माथी जातो.

दुसरी गोष्ट अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्यात बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला एक प्रश्न विचारून उत्तर यायला, तार अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी, सेकंदाचा आठवा भाग लागतो. एक मोठी फाइल ओढताना हे जाणवत नाही. पण एक फोल्डर उघडताना प्रोग्रॅम मागे-पुढे शंभर प्रश्न विचारत असेल, तर तेरा सेकंद नुसत्या वाट बघण्यात गेले. प्लॅन कितीही वेगवान घ्या, हे तेरा सेकंद कमी होत नाहीत. प्रश्न कमी करावे लागतात, किंवा सर्व्हर जवळ आणावा लागतो.

सर्व्हर जवळ आणायचा हा खटाटोप ठाणे-बेलापूर रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. ऐरोली, रबाळे, महापे, आणि पुढे पनवेल. जिथे रसायनं आणि यंत्रांचे कारखाने होते, तिथे डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार खाडीपलीकडे आहेत, एमआयडीसीची जमीन आणि भरवशाची वीज आहे. ॲमेझॉननं आपल्या क्लाउडचं भारतातलं पहिलं केंद्र जून २०१६ मध्ये सुरू केलं तेही मुंबई विभागात. अशा इमारतीत संगणकांना जितकी जागा लागते, तितकीच त्यांच्या चाकरीला लागते: डिझेल जनरेटर, इंधनाच्या टाक्या, बॅटऱ्यांच्या खोल्या, चिलर. रॅकच्या दोन रांगांमध्ये एक थंड हवेची गल्ली आणि पलीकडे एक गरम हवेची. ‘माझे फोटो क्लाउडवर आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा ते अशाच एखाद्या इमारतीत, अशाच एखाद्या रॅकमध्ये, फिरणाऱ्या चकतीवर असतात. त्या इमारतीला आगही लागू शकते.

आरसा

डिस्क ही झिजणारी वस्तू आहे. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही साठवणूक कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडांचे आकडे जाहीर करते. वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क जातात, असं त्यातून दिसतं. घरात एकच डिस्क असलेल्याला हा आकडा लहान वाटतो. एक लाख डिस्क सांभाळणाऱ्याला मात्र रोज तीन-चार बदलाव्या लागतात.

१९८८ मध्ये बर्कले इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहून सुचवलं, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि एखादी जाणार हे गृहीत धरूनच मांडणी करावी. ही ‘रेड’ पद्धत. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तंतोतंत तेच लिहितात. एक दुसरीचा आरसा. रेड-५ ची युक्ती अधिक देखणी आहे. समजा तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवा. दुसरी डिस्क गेली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करा. हरवलेले ४ परत आले. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांची एक तर्कक्रिया असते आणि ही जादा माहिती सगळ्या डिस्कवर पसरलेली असते, पण तत्त्व हेच. रेड-६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

मोठ्या डिस्कच्या काळात दुसरी मुभा लागतेच. १२ टेराबाइटची डिस्क बदलल्यावर तिच्यावर सगळं नव्यानं लिहायला, सेकंदाला २०० मेगाबाइटचा वेग अखंड मिळाला तरी, सोळा तास चाळीस मिनिटं लागतात. त्या वेळात उरलेल्या डिस्क सलग वाचल्या जातात. त्या बहुतेक वेळा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच वयाच्या असतात. दुसरी डिस्क जायला याहून वाईट वेळ नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की नागपुरात, दोन डिस्कचा नॅस डबा विकताना दुकानदार सांगतो, ‘साहेब, यात दोन कॉपी राहतात, बॅकअपचं टेन्शन नाही.’ हे वाक्य ऐकलं की मला तिथेच उभं राहून वाद घालावासा वाटतो, इतकं नुकसान या एका समजुतीनं केलं आहे. आरसा डिस्कच्या मरणापासून वाचवतो, बाकी कशापासूनच नाही. तुम्ही चुकून फोल्डर उडवलात, तर तो दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी उडतो. खंडणीखोर प्रोग्रॅमनं फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे कुलूप लागतं. चोरानं डबा उचलला, तर दोन्ही डिस्क एकत्र गेल्या. गूगल ड्राइव्हसारख्या सेवांशी जुळवून ठेवलेलं फोल्डरही आरसाच. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि तिथल्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं.

मर्स्कवर ओढवलं ते हेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. मोठ्या कंपनीत डोमेन कंट्रोलर नावाचे सर्व्हर असतात. कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड काय, त्याला कोणत्या मशीनवर कुठपर्यंत परवानगी, याचा सगळा नकाशा त्यांच्यात असतो. तो नसेल तर बाकीचे सर्व्हर पुन्हा उभे करूनही उपयोग नाही, कारण कुणाला आत घ्यायचं हेच कळत नाही. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर बाकीचे आहेत, म्हणून या नकाशाची वेगळी प्रत कुणी ठेवलेली नव्हती. इतर सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले, या नकाशाचा मात्र नव्हता. सगळे एकाच वेळी जातील, ही शक्यता कुणी धरली नव्हती.

मग एक सापडला. घानातल्या ऑफिसात हल्ल्याच्या आधी वीज गेली होती आणि तिथला डोमेन कंट्रोलर नेटवर्कपासून तुटला होता. तो बंद होता म्हणून वाचला. आता तो नकाशा इंग्लंडमधल्या मेडनहेड इथल्या मदत केंद्रात पोचवायचा होता. घानातली लाइन इतकी बारीक, की काही शे गिगाबाइट पाठवायला दिवस लागले असते. डिस्क घेऊन माणूस पाठवावा, तर तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानातला एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो पुढचं विमान धरून लंडनला पोचला. त्या एका डिस्कवरून जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं बसवले, असं कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस इथे सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

दीडशे आरसे असून एकही बॅकअप नव्हता. वेगळी, तुटलेली, जुनी झालेली प्रत, जिच्यापर्यंत आजची चूक पोचू शकत नाही, ती म्हणजे बॅकअप. मर्स्कला ती वीज गेल्यामुळे मिळाली.

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहराला तसं नशीब लाभलं नाही. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तिथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. बऱ्याचशा हळूहळू परत आल्या. पण सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रं जिथे ठेवावीत म्हणून बनवलेला ‘जी-ड्राइव्ह’ ८५८ टेराबाइट डेटासह जळून गेला. त्याची बाहेर प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्यानं बॅकअप घेता आला नाही, असं कारण देण्यात आलं. हे कारण मला पटत नाही. ज्या देशानं जगाला मेमरी चिप पुरवल्या, त्याला एवढ्या डिस्क परवडत नव्हत्या असं नाही. कर्मचाऱ्यांनी ऑफिसातल्या संगणकावर न ठेवता इथेच ठेवावं असा आग्रह धरला होता, तर ते सांभाळायची जबाबदारी तेवढीच मोठी होती.

परत आणता येईल तीच प्रत

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरनं २००५ च्या सुमारास आपल्या पुस्तकात छायाचित्रं जपण्यासाठी एक नियम मांडला, तो आता सगळ्या क्षेत्रांत चालतो: ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ऑफिसचा नॅस ही पहिली. आठवड्याला जोडून पुन्हा काढून ठेवायची बाहेरची डिस्क ही दुसरी. क्लाउडवर, किंवा दुसऱ्या गावच्या शाखेत तिसरी. काढून ठेवायची म्हणजे खरंच वायर काढायची. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोराच्या हाती आयतीच लागते.

आणि नॅस घरून उघडता यावा म्हणून राउटरमधून त्याचं पोर्ट इंटरनेटला उघडं करून ठेवू नका. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ नावाच्या प्रोग्रॅमनं असेच उघडे पडलेले क्यूनॅप कंपनीचे डबे शोधून त्यांतल्या फाइली पासवर्ड घालून बंद केल्या आणि प्रत्येकाकडून ०.०१ बिटकॉइन मागितला. मोठ्या कंपन्या नव्हत्या त्या. घरगुती फोटो आणि छोट्या दुकानांचे हिशेब होते. बाहेरून उघडायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची बंदिस्त वाट, बसवून घ्या, आणि डब्याचे अपडेट टाळू नका.

तरीही एक काम राहतं, आणि बहुतेक ठिकाणी ते राहूनच जातं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरनं चुकून भलत्याच सर्व्हरवरचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० गिगाबाइटचा मुख्य डेटाबेस काही सेकंदांत गेला. कंपनीकडे प्रत ठेवायच्या पाच पद्धती होत्या. त्या रात्री एकही धड चालेना. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या चुकीच्या आवृत्तीमुळे कधीपासून रिकामा होत होता, आणि तो फसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते, म्हणून कुणाला कळलं नाही. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरनं दुसऱ्या कामासाठी सहज घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. गिटलॅबनं हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम लोकांना थेट बघू दिलं, आणि त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. इतक्या मोकळेपणानं किती संस्था बोलतात?

पाच पद्धती होत्या आणि एकही तपासलेली नव्हती. म्हणून कुणी ‘आमचा बॅकअप रोज होतो’ म्हणालं, की मी एकच विचारतो: त्यातलं काही शेवटचं परत कधी आणलं? पतसंस्थेच्या सभेत, शाळेच्या समितीत, सोसायटीच्या बैठकीत हा प्रश्न विचारायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. उत्तर तारखेसह यायला हवं.

आणि हाच प्रश्न आपल्या घरालाही विचारा. दिवाळीच्या सुट्टीत घरातलं कुणीतरी मोकळं असेल. मुलांचे लहानपणीचे फोटो, घराची कागदपत्रं, दुकानाचे हिशेब, जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही असं काही निवडा. ते ज्या मशीनवर आहे त्याला हात न लावता, बॅकअपमधून दुसऱ्या एखाद्या मशीनवर आणा आणि उघडून पाहा. उघडलं, तर तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करा. उघडलं नाही, तर बाजारात जा, एक डिस्क आणा, आणि पहिली प्रत त्याच दिवशी करा.